न थांबलेला सांगावा



पेशीविज्ञानावर बोलायला तुम्ही मला धाकट्या डहाणूच्या या व्याख्यानमालेत बोलावलंत, आणि मी सुरुवात करणार आहे वाकटीपासून.

वाकटीला खवले नसतात. तिची सगळी चांदी कातडीवर पातळ लेपासारखी बसलेली असते आणि मासा हाताळला की ती बोटांना लागते. शाळेत जायच्या आधी मी आजीशेजारी बसून मासळी निवडायची, आणि हात कितीही धुतले तरी नखांच्या कडा चमकतच राहायच्या. एक दिवस गुरुजींनी माझा हात उचलून पाहिला. मला वाटलं, आता ओरडा बसणार. ते म्हणाले, "हे कशाचं गं?" मी म्हटलं, "वाकटीचं." "ते कळलं. पण वाकटीत ते कशाचं असतं?" मला सांगता येईना. "मलाही माहीत नाही," ते म्हणाले. "वहीत लिहून ठेव आणि खाली तारीख घाल."

ज्यांच्या नावानं आपण दर वर्षी इथे जमतो, त्या गुरुजींची माझ्याजवळची सर्वांत जुनी आठवण ही. त्या प्रश्नाचं उत्तर मला एम.एस्सी.च्या वर्षात मिळालं, आणि ते मी त्यांना पोस्टकार्डावर कळवलं. आज ते तुम्हाला सांगते. त्या चांदीचं नाव ग्वानीन. माशाच्या कातडीतल्या काही खास पेशी ग्वानीनचे पातळ पापुद्रे एकावर एक रचतात. प्रत्येक पापुद्रा थोडा थोडा उजेड परतवतो, आणि त्या थरांमधून आपल्याला दिसते ती झळाळी. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या जाकँ नावाच्या जपमाळा करणाऱ्या कारागिरानं माशांच्या खवल्यांवरची ही चांदी काढून काचेच्या पोकळ मण्यांत भरली आणि खोटे मोती तयार केले. 'ग्वानीन' हे नावही समुद्राकडूनच आलं. पेरूच्या किनाऱ्यावरच्या बेटांवर मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर साचले होते. तिला 'ग्वानो' म्हणत. १८४० च्या दशकात उंगर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं त्या खतातून हा पदार्थ वेगळा केला.

माशाच्या कातडीवर नुसतं चकाकणारं हे ग्वानीन तुमच्या-माझ्या प्रत्येक पेशीतही आहे. आनुवंशिक लिपीच्या चार अक्षरांपैकी एक अक्षर तेच. त्याला रायबोज ही साखर जोडली की ग्वानोसिन होतं. त्या ग्वानोसिनला फॉस्फेटचे तीन मणी एकापुढे एक ओवले की होतं ग्वानोसिन ट्रायफॉस्फेट. आपण त्याला थोडक्यात जीटीपी म्हणू. आज मला बोलायचंय ते याच्याबद्दल, आणि खरं म्हणजे त्याच्या तिसऱ्या मण्याबद्दल.

जीटीपीचा एक भाऊ शाळेच्या पुस्तकात सगळ्यांना भेटतो, तो एटीपी. पेशीचं चलनी नाणं अशी त्याची ओळख करून दिली जाते. दोघांच्या तिसऱ्या मण्यात साठलेली ऊर्जा जवळजवळ सारखीच असते. मग पेशीनं दोन नाणी कशाला ठेवावीत? माझ्या परीनं मी विद्यार्थ्यांना असं सांगत आले की, कष्टाची कामं पेशी बहुतेक वेळा एटीपीवर करते, आणि काम सुरू कधी करायचं व थांबवायचं कधी, हे ठरवायची वेळ आली की जीटीपीकडे वळते. विधान थोडं ठोकळ आहे, अपवाद बरेच आहेत, तरी चाळीस वर्षांत ते बदलावंसं मला वाटलेलं नाही.

हे कळलं कसं, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. मार्टिन रॉडबेल हा बाल्टिमोरचा माणूस. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकन नौदलात बिनतारी यंत्रावर काम करत असे. बोटीवर वायरलेस सांभाळणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: संदेश पाठवणारा एक, पकडणारा दुसरा आणि मध्ये त्याचं रूपांतर करणारं यंत्र तिसरं. पुढे बेथेस्डाच्या प्रयोगशाळेत रॉडबेल यकृताच्या पेशींवर काम करू लागला. रक्तातली साखर उतरली की स्वादुपिंडातून ग्लुकागॉन नावाचं संप्रेरक निघतं आणि यकृताला साखर सोडायला सांगतं. हे संप्रेरक यकृताच्या पेशीत शिरत नाही. पेशीच्या दारावर, पेशीपटलावर, एक ग्राही प्रथिन असतं, तिथे ते येऊन टेकतं आणि बाहेरूनच सांगावा देतं. आत तो सांगावा दुसराच कोणी पोहोचवतो. अर्ल सदरलँडनं त्याचा पत्ता आधीच लावला होता. तो रेणू म्हणजे चक्रीय एएमपी, आणि त्याबद्दल सदरलँडला १९७१ चं नोबेल मिळालं. प्रश्न उरला होता तो उंबरठ्याचा. बाहेरचा निरोप आतल्या निरोप्याच्या हाती सोपवतं कोण?

रॉडबेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यकृताच्या पेशीपटलावर ग्लुकागॉन बसवलं, तर ते सुटेचना. बाटलीतलं एटीपी घातलं की सुटायचं. मात्र त्यासाठी एटीपी फार लागत होतं, इतकं की रॉडबेलला ते खटकलं. त्यानं दुसरे रेणू घालून पाहिले. जीटीपीची अगदी चिमूट पुरली. मग लक्षात आलं की बाजारातून आणलेलं ते एटीपी शुद्ध नव्हतं, त्यात थोडं जीटीपी मिसळलेलं होतं आणि काम तेच करत होतं! या कामाचे निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. भेसळीतून शोध लागला असं लोक म्हणतात. मी म्हणेन, प्रमाण खटकलं म्हणून लागला. भेसळ अनेकांच्या बाटल्यांत होती.

जीटीपीला धरणारं प्रथिन शोधलं आल्फ्रेड गिलमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. त्यांच्याकडे अशा पेशी होत्या की ज्यांच्यात ग्राही ठीक, चक्रीय एएमपी बनवणारं विकर ठीक, पण दोघांचं बोलणंच होत नव्हतं. दुसऱ्या पेशींच्या पटलातून काढलेलं एक प्रथिन घातल्यावर ते बोलू लागले. १९८० मध्ये त्यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. त्याला आज जी-प्रथिन म्हणतात. रॉडबेल आणि गिलमन यांना १९९४ चं नोबेल मिळालं.

आता हे प्रथिन चालतं कसं ते नीट पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. खारबंदिस्तीच्या बांधातली उघाडी आपल्या किनाऱ्यावर सगळ्यांनी पाहिलेली आहे. भरती चढली की समुद्राच्या दाबानं तिची झडप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं उघडते. तिच्याजवळ रात्री दोन वाजता कुणी माणूस उभा करावा लागत नाही. जी-प्रथिन अशीच एक आपोआप मिटणारी झडप आहे. स्वस्थ असताना त्याच्या मुठीत जीडीपी असतं, म्हणजे दोनच मणी असलेला ग्वानोसिनचा रेणू. झडप बंद. बाहेर संप्रेरक येऊन ग्राहीवर टेकलं की ग्राही वाकतं आणि ही मूठ सैल करतं. जीडीपी गळून पडतं. पेशीत जीडीपीपेक्षा जीटीपी कितीतरी जास्त असल्यामुळे रिकाम्या मुठीत शिरतं ते तीन मण्यांचं जीटीपी. तिसऱ्या मण्याची धग लागताच प्रथिनाचा आकार बदलतो, त्याचा एक भाग सुटा होतो, पटलाच्या आतल्या अंगानं सरकत जाऊन विकराला भिडतो, आणि चक्रीय एएमपी बनू लागतं. झडप उघडी.

ती किती वेळ उघडी राहते? काही सेकंद, फार तर दहा-वीस सेकंद. कारण ज्या मुठीत जीटीपी आहे त्याच मुठीत त्याला कापणारी कात्री आहे. पाण्याचा एक रेणू जागेवर आणून बसवायचा, प्रथिनाच्या साखळीतल्या अर्जिनीन या अमिनो आम्लाच्या बोटानं तिसरा मणी पकडून धरायचा, आणि तोडायचा. मणी तुटला, पुन्हा जीडीपी, झडप बंद. माझ्या दृष्टीनं सगळ्या पेशीविज्ञानातली ही सर्वांत सुंदर गोष्ट आहे: निरोप हाती घेतानाच तो संपवण्याची सोय त्याच हातात ठेवलेली असणं.

आपण नेहमी विचारतो, हे सुरू कशानं होतं? थांबतं कशानं, असं फारसं विचारत नाही. जीटीपीनं मला तो दुसरा प्रश्न विचारायला शिकवलं.

बोटीवरचं उदाहरण घेऊ. वारा फिरला, लाटा उठल्या, इंजिन बंद पडलं. तांडेलाच्या रक्तात अॅड्रेनलीन उतरतं. हृदयाच्या पेशींवरच्या ग्राहींना ते टेकतं, जी-प्रथिनं जीटीपी उचलतात, चक्रीय एएमपी वाढतं, ठोके वाढतात, हातपाय चपळ होतात. एक ग्राही अनेक जी-प्रथिनं जागी करतं आणि एकेक जागं झालेलं विकर चक्रीय एएमपीचे कितीतरी रेणू ओततं, म्हणून रक्तातल्या कणभर अॅड्रेनलीननं अख्खं शरीर ताठ उभं राहतं. इंजिन सुरू झालं, बोट वळली, की थोड्या वेळात ठोके खाली येतात. बाहेरचं अॅड्रेनलीन मोडलं जातं हे खरं, पण आत लाखो ठिकाणी तिसरा मणी तुटत असतो म्हणून ते शक्य होतं.

डोळ्यातही हेच. अंधाऱ्या रात्री लांबवरच्या बोटीचा मिणमिणता दिवा दिसतो तेव्हा डोळ्याच्या पडद्यातल्या दंडपेशींवर प्रकाशाचे अगदी मोजके कण पडलेले असतात. दंडपेशी एका कणालाही प्रतिसाद देऊ शकते. तिथलं ग्राही आहे ऱ्होडॉप्सिन आणि जी-प्रथिन आहे ट्रान्सड्युसिन. तो उजेड विझला की ट्रान्सड्युसिनही विझावं लागतं, आणि ते लवकर व्हावं म्हणून पेशीनं कात्रीला मदत करणारं आणखी एक प्रथिन ठेवलेलं आहे. काही माणसांत हे मदतनीस प्रथिन बिघडलेलं असतं. अशा रुग्णांचं वर्णन २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यांची अडचण अशी की अंधारातून एकदम उन्हात आलं की डोळ्यांपुढे काही काळ काहीच उभं राहत नसे, आणि हवेतून येणारा चेंडू त्यांना नीट दिसत नसे. आधीचा उजेड संपल्याशिवाय पुढचा दिसत नाही.

आता ज्या रोगासाठी मी हा विषय या गावात बोलायचा ठरवला, त्याकडे येते.

आजी 'पटकी' हा शब्द तोंडातून काढत नसे. काढावाच लागला तर "ती आली होती तेव्हा" म्हणायची. पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, आपल्या भाषेत आणखीही नावं आहेत. वाखा म्हणतात, आणि मोडशी हे त्यातलं फार जुनं नाव. आज मोडशी म्हणजे आपण साधी पोटाची तक्रार समजतो, पण शब्दात 'मोडणं' आहे, माणूस मोडून पडतो ते. गोव्यात स्थायिक झालेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात वांती-जुलाबानं काही तासांत माणूस नेणाऱ्या या आजाराचं वर्णन केलं आणि इथलं नावही दिलं. पोर्तुगिजांच्या तोंडी मोडशीचं झालं 'मोर्देशीं', आणि ते ऐकून फ्रेंचांनी त्यांच्या भाषेत त्याचं केलं 'मोर द शियाँ', म्हणजे कुत्र्याची मौत. आपला एक शब्द असा भयंकर रूप घेऊन युरोपात गेला. ओर्तानं पाहिला तो आजचाच कॉलरा होता का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण १८१७ साली बंगालमधल्या जेसोरहून निघालेली साथ कॉलऱ्याचीच होती आणि वर्षभरात ती आपल्या मुलखात पोहोचली. या साथींची देवी मरीआई, तिची ठाणी गावोगाव आहेत. त्यांच्याकडे अंधश्रद्धा म्हणून बोट दाखवणं मला आवडत नाही. ज्या गावानं एका आठवड्यात घरं रिकामी होताना पाहिली, त्यानं वेशीवर काहीतरी उभं करावं हे मला समजतं.

रॉबर्ट कॉख यानं १८८४ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याचा जंतू ओळखला. जंतू आतड्याला चावत नाही, रक्तात शिरत नाही, तरी माणूस मरतो, म्हणजे हा विष सोडत असणार, असा त्याचा तर्क होता. तो तर्क सिद्ध व्हायला ७५ वर्षं लागली, आणि तेही कलकत्त्यातच. शंभुनाथ डे या प्राध्यापकांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून बांधला आणि त्यात कॉलऱ्याच्या जंतूंचं गाळलेलं पाणी सोडलं. त्यात एकही जंतू नव्हता. तरीही तुकडा पाण्यानं टम्म फुगला. १९५९ च्या 'नेचर'मध्ये तो निबंध आहे. १९७८ मध्ये कॉलऱ्यावरच्या नोबेल परिसंवादाला डे यांना बोलावणं आलं. त्याआधी आपल्या देशात त्यांचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि आजही पाठ्यपुस्तकांत ते फारसं सापडत नाही, याचं मला दुःख आहे.

ते विष करतं काय? त्याच्या रेणूला पाच पाय आणि एक डोकं. पाय आतड्याच्या पेशीला धरतात, डोक्याचा तुकडा आत जातो आणि नेमका त्या जी-प्रथिनापाशी पोहोचतो. अर्जिनीनचं बोट मी मघाशी सांगितलं. त्या प्रथिनाच्या साखळीतलं ते २०१ वं अमिनो आम्ल. विष त्या एका बोटावर एक जड रेणू चिकटवतं. बस्स, एवढंच. प्रथिन मरत नाही, पेशी फुटत नाही. जीटीपी नेहमीसारखं मुठीत येतं, फक्त तिसरा मणी आता तुटत नाही. उघाडीत ओंडका अडकला. जेरुसलेमच्या कॅसेल आणि सेलिंगर यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की कॉलऱ्याचं विष कात्री बंद पाडतं. आणखी एक गोष्ट मला पहिल्यांदा वाचताना सुन्न करून गेली होती. हे विष एकट्यानं हे काम धड करू शकत नाही. त्याला पेशीतलंच एक छोटं प्रथिन सोबतीला लागतं, आणि ते प्रथिनही जीटीपी हातात धरलेलं असतं. म्हणजे आपल्याच एका झडपेच्या मदतीनं ते विष आपली दुसरी झडप अडवतं.

पुढचं सगळं हिशोबानं होतं. चक्रीय एएमपी थांबत नाही, त्यामुळे पेशीच्या आतड्याकडच्या अंगाला असलेली क्लोराइडची दारं सताड उघडी राहतात, क्लोराइड बाहेर जातं, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब. जोराच्या कॉलऱ्यात तासाला लिटरभर पाणी अंगातून जाऊ शकतं. डोळे खोल जातात, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते, हाताची बोटं सुरकुततात, आवाज बसतो. शुद्ध मात्र पुष्कळदा शेवटपर्यंत असते. एक निरोप, पाणी सोडा, जो एरवी अन्न पातळ करायला लागेल तेवढाच द्यायचा असतो, तो संपतच नाही.

हा जंतू आपल्यापासून लांब राहतो असं समजू नका. खाडीचं निमखारं पाणी हेच त्याचं घर. पाण्यातल्या डोळ्याला न दिसणाऱ्या कवचधारी जिवांना चिकटून तो राहतो. पण त्यातले बहुतेक निरुपद्रवी असतात. विषाची कृती त्यांच्याकडे मुळात नसते. ती एक विषाणू घेऊन येतो आणि जंतूच्या गुणसूत्रात लिहून ठेवतो, हे १९९६ मध्ये कळलं. म्हणून खाडीला भिण्याचं कारण नाही. प्यायच्या पाण्यात मैला मिसळू न देणं, हे मात्र प्राणपणानं सांभाळावं लागतं.

आणि आता डॉक्टर दिलीप महालनबीस. १९७१ चा पावसाळा. पूर्व बंगालमधून लाखो निर्वासित सीमा ओलांडून येत होते, आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपलं. महालनबीसांनी कलकत्त्याहून मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा मागवला, एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम सोडा, आणि ते पाणी पिंपांत भरून ठेवलं. पाजायला परिचारिका नव्हत्या, म्हणून आयांनी पोरांना पाजलं, भावांनी भावांना पाजलं. लिटरला खर्च ११ पैसे. छावणीत आधी १०० रुग्णांपैकी ३० च्या आसपास दगावत होते. त्यांच्या देखरेखीखाली ते प्रमाण ४ च्याही खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले, आणि पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर मिळालं.

हे पाणी आतड्यात टिकतं कसं, जेव्हा तिथून पाणी बाहेर धावतंय? याचं कारण जीटीपीच्या संदर्भात समजून घेण्यासारखं आहे. आतड्याच्या पेशीला आणखी एक दार आहे. दोन सोडियम आणि एक ग्लुकोज एकत्र आले की ते उघडतं आणि त्यांना आत घेतं, त्यामागे पाणी आत येतं. रॉबर्ट क्रेन यानं १९६० मध्ये ही जोडगोळी सुचवली. त्या दाराला जी-प्रथिनाला विचारावं लागत नाही. म्हणून सांगावा पोहोचवणारी झडप अडकलेली असतानाही ते चालूच राहतं. मीठ एकटं दिलं तर उपयोग नाही, साखर एकटी दिली तर नाही. दोघं बरोबर, आणि ठरल्या प्रमाणात. आपण त्याला जलसंजीवनी म्हणतो. हे नाव कुणी ठेवलं मला माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला भाषा येत होती.

जलसंजीवनीची पाकिटं आज अंगणवाडीत मिळतात. अंगणवाडी ही कल्पना याच तालुक्यात रुजली याचा तुम्हाला अभिमान असायला हवा. १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डीला काम करू लागल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आणि वारल्यांची मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. त्या अंगणात आता हे पाकीट पोहोचतं, याहून योग्य जागा मला सुचत नाही.

पाकीट नसेल तर काय, हे मुद्दाम सांगते, कारण पावसात पाड्यावरून दवाखाना गाठायला वेळ लागतो. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला ते घातक ठरतं, म्हणून अंदाजानं टाकू नका, आणि डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून पुन्हा करा. घोटघोट पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध तोडू नका. मीठ घातलेली पेज द्या. आपल्या आज्या हेच करत आल्या, आणि तांदळातल्या पिठूळपणाचं आतड्यात ग्लुकोजच होतं. मूल मलूल झालं, पिईनासं झालं, लघवी थांबली, तर वाट पाहू नका. तेव्हा शिरेतूनच पाणी द्यावं लागतं.

तिसरा मणी न तुटण्याची गोष्ट कॉलऱ्यापुरती नाही, हे ओझरतं सांगते. 'रास' नावाचं एक प्रथिन आहे, तेही जीटीपीची झडप, आणि त्याचा निरोप असा की पेशी, वाढ, दुभंग. १९८२ मध्ये माणसाच्या मूत्राशयाच्या कर्करोगातल्या पेशींत असं आढळलं की या प्रथिनाच्या जनुकात एकच अक्षर बदललं आहे. बदललेलं अक्षर होतं ग्वानीन. तेवढ्यानं कात्री बंद पडली, आणि वाढ, वाढ हा निरोप चालू राहिला. या बिघडलेल्या रासला धरणारं औषध मिळायला चाळीसेक वर्षं लागली. पहिलं २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झालं, तेही रासमधल्या एकाच प्रकारच्या बिघाडासाठी आणि प्रामुख्यानं फुप्फुसाच्या कर्करोगासाठी. झडप उघडणं सोपं आणि अडकलेली मिटवणं किती कठीण, ते यावरून कळावं.

कॉलऱ्यात मात्र ती मिटवावीच लागत नाही. मला पुष्कळदा विचारतात, जलसंजीवनी त्या विषाचं काय करते? काहीच करत नाही. चिकटलेलं ते चिकटलेलंच राहतं, त्या पेशीतलं जीटीपी तुटायचं नाही ते नाहीच. पण आतड्याच्या अस्तराच्या पेशी फार जगत नाहीत. अस्तराच्या खोल खळग्यांतून नव्या पेशी जन्मतात आणि वर सरकत येतात, आणि तीन ते पाच दिवसांत जुन्या, अडकलेल्या झडपा घेऊन, गळून जातात. तोवर माणसाच्या अंगात पाणी राहिलं पाहिजे. पाचव्या दिवशी जे पोर उठून पेज मागतं, त्याच्या आतड्यात जी पेशी काम करत असते ती साथीच्या दिवशी जन्मलेलीच नव्हती, आणि तिच्यातलं २०१ वं अर्जिनीन मोकळं असतं.